जेठांसमोर उठायचं कसं

बन्सीलाल आप्पा हॉलच्या दाराशी खाकरले आणि जमनामायनं पदर ओढला तो थेट हनुवटीपर्यंत.

हे खाकरणं म्हणजे काही खोकला नव्हता. घरात सुना असल्या की थोरल्या पुरुषानं आत पाऊल टाकण्याआधी घसा साफ करायचा, म्हणजे बायकांना सावध व्हायला सवड मिळते, ही तापीकाठच्या गावांतली जुनी रीत. आप्पांनी ती वृद्धाश्रमातही सोडली नव्हती. इथे ना ओटा, ना माजघर. नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर भला थोरला टीव्ही. तरी आप्पा खाकरायचेच. आणि अख्ख्या हॉलमध्ये त्या खाकरण्यानं दचकणारं माणूस एकच होतं. आप्पा जमनामायचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

लग्न होऊन आली तेव्हापासून जमनामाय या माणसासमोर उघड्या तोंडानं कधी उभी राहिली नव्हती. त्यांच्याशी शब्द बोलली नव्हती. ते ओट्यावर असले की ही मागच्या दारानं जायची. त्यांच्यासमोर खाटेवर बसणं, पायात चप्पल ठेवणं, मोठ्यानं हसणं, छे, विषयच नको! नवरा गेला, वाटण्या झाल्या, पोरं सुरतेला गेली, शेतं बटाईनं दिली, रीत तेवढी जागच्या जागी राहिली. आणि नशिबाची गंमत बघा, म्हातारपणी दोघांची पोरं फोनवर आपापसांत बोलली आणि दोघांनाही तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलाजवळच्या एकाच आश्रमात ठेवून गेली. जमनामायचा कुंदन जाताना म्हणाला, "आई, घरनं मानूस शे ना सोबतले." सोबत म्हणे! जमनामायला त्या शब्दाचं हसूही यायचं आणि रडूही.

तरी सगळं बेतानं चाललं होतं. जेठ उन्हात पेपर घेऊन बसले की ही हॉलमध्ये, जेठ हॉलमध्ये आले की ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला. कुणाला न सांगता दोघांचं वेळापत्रक जमून गेलं होतं. मग दसऱ्याच्या सुमाराला ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

नंदुरबारला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, वॉकर हातात आला. पण आश्रमाचा एक नियम होता आणि तो काही कुणाच्या खुन्नशीनं केलेला नव्हता. उचलून न्यायला, उठवून बसवायला इथे माणसंच नव्हती. तेव्हा जो आपल्या पायांनी खुर्चीतून उठेल आणि न्हाणीपर्यंत जाईल तोच इथे राहील. बाकीच्यांना धुळ्याकडच्या एका नर्सिंगच्या घरी पाठवायचं. तपासायला यायच्या डॉक्टर स्वप्नालीताईंनी स्पष्टच सांगितलं, "आजी, नाताळाच्या आधी मी येईन. खुर्चीतून स्वतः उठायचं आणि वॉकर धरून दारापर्यंत चालायचं. तेवढं जमलं तर तुम्ही इथल्याच. नाही जमलं तर मला नाइलाजानं लिहून द्यावं लागेल."

धुळ्याच्या त्या घरी गेलेलं माणूस परत आलेलं जमनामायनं पाहिलं नव्हतं. आणि इथे तिचा जीव अडकला होता. कशात, तर कालीबाईत. कालीबाई तोरणमाळच्या खालच्या पाड्यातली, जन्मभर चारोळी आणि मोहाची फुलं वेचून पोट भरलेली, मागेपुढे कुणी नसलेली बाई. दोघींना एक खोली दिली तेव्हा जमनामाय हिच्या माठातलं पाणीसुद्धा प्यायला तयार नव्हती. पाटलांची सून ना ती! आता कालीबाई घोरली नाही तर हिला झोप लागत नव्हती. दिवसभर दोघी तोंडाला तोंड देत भांडायच्या आणि रात्री एकमेकींच्या पायाला तेल लावायच्या. जन्मात पहिल्यांदा जमनामायला मैत्रीण म्हणतात तसं माणूस मिळालं होतं, आणि ते सोडून पडून राहायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तर व्यायाम करायचा होता, आणि व्यायामासाठी होता तो खेळ.

सुरतेच्या कुणी देणगीदारानं टीव्हीला जोडायचा एक डबा पाठवला होता. टीव्हीच्या वर एक डोळ्याएवढा कॅमेरा. त्याच्यासमोर उभं राहिलं की टीव्हीत आपल्याच कपड्यांतलं आपलं एक बाहुलं उभं राहतं. आपण हात वर केला की ते हात वर करतं, आपण झुकलो की ते झुकतं. फुगे फोडायचे, आंबे तोडायचे, होडी वल्हवायची. आश्रमाची व्यवस्था बघणारी रूथ तो लावून द्यायची. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आठवडा गेला नाही तोच नंबर लावून भांडणं सुरू झाली. कालीबाई तर फुगे असे फोडायची की जणू कुणावर सूड उगवतेय.

जमनामायनंही सुरुवात छान केली होती. खुर्चीत बसून आंबे तोडता तोडता एक दिवस वरच्या फांदीवरच्या आंब्यासाठी तिनं बूड उचललंच. "उठल्या! जमनामाय, उठल्या तुम्ही!" रूथ ओरडली. जमनामाय लाजली, पण मनातून इतकी खूश झाली की रात्री कालीबाईला तोच आंबा परत परत सांगत बसली.

खेळाची वेळ सकाळची, म्हणजे जेठांच्या उन्हात बसण्याची. त्यामुळे सगळं बिनघोर.

आणि मग रूथच्या डोक्यात एक चांगला विचार आला.

रूथ नवापूरकडच्या डोंगरातली. इथे येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिच्या घरी जेठ आणि भावजया एकाच चिखलात उतरून भात लावायचे, चर्चमध्ये शेजारी उभे राहून गाणी म्हणायचे, एकमेकांची टिंगल करायचे. डोक्यावरचा पदर तिनं इथे पाहिला होता, पण तिला वाटायचं, म्हाताऱ्या बायकांना थंडी वाजते. जमनामायची प्रगती हळू होतेय असं पाहून तिनं विचार केला की या बाईला उमेद द्यायला घरचं कुणी जवळ पाहिजे. पोरं तर सुरतेला. मग कोण? अरे, आप्पा आहेत ना! सख्खे जेठ!

ती आप्पांकडे गेली. म्हणाली, "आप्पा, उद्यापासून सकाळी हॉलमध्ये बसायचं. जमनामायच्या अगदी समोर. घरचं माणूस दिसलं की त्यांना धीर येईल." आप्पांनी पेपरची घडी केली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आप्पा खाकरून आत आले. रूथनं त्यांची खुर्ची टीव्हीच्या शेजारीच, जमनामायच्या समोर मांडली. झालं!

बघा तरी जमनामायची दशा. एक तर जेठ समोर आणि आपण खुर्चीत. जमिनीवर बसावं तर खुब्यातला रॉड बसू देईना. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, म्हणजे पुढचं दिसायचं बंद. दिसलं नाही तर पाय कुठे टाकायचा? आणि उठायचं म्हणजे काय शोभेचं काम होतं? पाय फाकवायचे, पुढे झुकायचं, कण्हायचं, लुगडं पोटरीपर्यंत वर जायचं. हे सगळं जेठांसमोर? त्यापेक्षा धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ती गाठोडं होऊन बसली. रूथ म्हणाली, "माय, हात वर करा." हात हलले नाहीत. रूथ म्हणाली, "माय, काय होतंय?" जमनामाय पदराआडून पुटपुटली, "माले काहीच व्हयेल नही."

आणि खरंच, काय सांगणार होती ती? जेठ समोर बसतात म्हणून मला उठता येत नाही? म्हणजे जेठांची तक्रार, तीही परक्यांकडे! उद्या रूथ त्यांना म्हणेल, आप्पा, तुम्ही इथून जा. साऱ्या आश्रमासमोर ज्याला उठवलं तो माणूस मग तोंड कुठे दाखवेल? भावजयीमुळे जेठ हॉलमधून बाहेर काढला गेला, ही गोष्ट गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? नाही, ते तिच्याकडून होणार नव्हतं. तिनं तोंडाला कुलूप लावलं.

आप्पा मात्र रोज येत राहिले. थंडीत उन्हाची जागा सोडून, गुडघे चोळत, त्या कडक खुर्चीवर बसून राहायचे. मान एका बाजूला वळवून, म्हणजे भावजयीकडे नजर जाऊ नये इतकी अदब राखून. त्यांनाही कळत नव्हतं की ही दिवसेंदिवस दगडासारखी का होत चालली. घरी हीच बाई पदरातून सगळं करायची. पाणी भरायची, गोवऱ्या थापायची, खळ्यावर राबायची. पदराखाली माणसाला काय जड जातं, हा विचार पुरुषांच्या डोक्यात यावा तरी कुठून? आप्पांना वाटलं, म्हातारी खचली. रूथलाही तसंच वाटलं. आणि दोघंही आणखी नेटानं जवळ बसू लागले.

कालीबाईला मात्र खरं ठाऊक होतं. कारण पहाटे खोलीचं दार लावून जमनामाय खिडकीचे गज धरायची आणि उठायची, बसायची, पुन्हा उठायची. दात-ओठ खाऊन. कालीबाई तिच्या मागे हात पसरून उभी.

"अगं, तू तर उठतेस की! मग तिथे काय होतं तुला?"

"तठे जेठ ऱ्हातस."

"मग? खातो का तो तुला?"

"तुले नही समजाव."

"मी सांगते रूथला."

"सांगशी तं मन्ही शपथ शे तुले. कालीबाई, ऐक मन्हं. मन्हामुळे त्यास्ना अपमान व्हयना तं मी जित्ती ऱ्हाव नही."

कालीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण शपथ म्हणजे शपथ. तिच्या पाड्यावर शपथ मोडणाऱ्याला कुणी जवळ करत नव्हतं. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्यानं तिचं तोंड दिवसभर आंबट असायचं.

असं करता करता तो दिवस उजाडला. डॉक्टर स्वप्नालीताई आल्या. बाहेर पपईचे ट्रक पुलावरून जात होते, आणि आत रूथ नाताळाचा कागदी तारा दारावर लावता लावता थांबली होती, कारण तिला धड काही सुचत नव्हतं. तिनं शेवटचा उपाय म्हणून आप्पांना त्या दिवशी नवं धोतर नेसून यायला सांगितलं होतं. उमेद वाढावी म्हणून! आप्पा खाकरून आत आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"चला आजी, उठा बरं," डॉक्टर म्हणाल्या.

जमनामायनं वॉकरच्या दांड्यांवर हात ठेवले. पदराखालून तिला स्वतःची बोटं दिसत होती आणि त्यापलीकडे फरशीवर नव्या धोतराचा काठ. उठावं, उठलंच पाहिजे, नाहीतर धुळं, हे तिला कळत होतं. पण त्या काठासमोर अंग उचलेना. मुळीच उचलेना.

"बरं, खेळ लावून बघू. खेळताना त्यांना उत्साह येतो," रूथ घाईनं म्हणाली. तिनं होडी लावली. टीव्हीवर निळी नदी आली, काठावरची झाडं आली, रिकामी होडी आली. होडीत बसायला बाहुलंच येईना. टीव्हीवर तीच तीच सूचना झळकत राहिली, खेळाडू दिसत नाही, समोर या.

"माणूसच सापडत नाही याला," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "रूथ, मला वाईट वाटतंय. पण दीड महिन्यात काहीच फरक नसेल तर मला..."

"कसा सापडेल माणूस!" कालीबाई ताडकन उभी राहिली. "गोणी करून बसवलंय तुम्ही तिला! त्या म्हाताऱ्याला तिच्यासमोरून उठवा, मग बघा कशी उठते! रोज पहाटे उठते ती खोलीत, माझ्यासमोर! जेठासमोर उठायचं नसतं त्यांच्यात! मोडली मी शपथ, काय पाप लागायचं ते लागू दे!"

रूथचा हात तोंडावर गेला. एका क्षणात तिला सगळं लख्ख दिसलं. रोज सकाळी आपण कौतुकानं मांडलेली ती खुर्ची दिसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा, माय, मी काय करून बसले!"

आणि आप्पा? आप्पांचा चेहरा उन्हात टाकलेल्या मिरचीसारखा लाल झाला. ते काठी टेकत उठले. दाराकडे निघाले.

आता खरं तर प्रश्नच मिटला होता. जेठ गेले की उठायचं. पण जमनामायला त्या धोतराचा काठ दूर जाताना दिसला. ज्याची भीती होती तेच घडत होतं. सगळ्यांच्या देखत थोरला माणूस उठून चालला होता, आणि तिच्यामुळे.

"रूथ!" ती पदरातून ओरडली. "त्यास्ले सांग, जाऊ नका! जेठले बाहेर काढीसन मी उभी ऱ्हाऊ? नही! धुळाले धाडी द्या माले, पन हाई माले नको!"

आप्पा दारात थांबले. पाठ अजून इकडेच. भावजयीचा आवाज इतक्या जवळून, इतक्या मोठ्यानं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकला असेल.

मग आप्पा वळले. जमनामायच्या समोरून न येता हॉलच्या कडेकडेनं, भिंतीला धरून, लांबचा वळसा घेऊन आले. सगळ्या खुर्च्यांच्या मागून. आणि जमनामायच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, टीव्हीकडे तोंड करून उभे राहिले. काठी त्यांनी मागच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"रूथबेटा," ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, "तिले सांग. मी समोर नही शे. मी बाजूले शे. समोर ऱ्हावानी मनाई शे, बाजूले ऱ्हावानी कोनी करेल नही. आनि मन्ही नजर टीव्हीवर शे. तठेच ऱ्हाई. पदर माथावर लई ले."

रूथ सांगायला तोंड उघडते तोवर टीव्हीत होडीच्या डाव्या बाजूला एक धोतरवालं बाहुलं येऊन बसलंसुद्धा. यंत्राला रीतभात कुठली असायला! आप्पांनी हात हलवला, बाहुल्यानं हात हलवला. आप्पा दचकले. पण नजर त्यांनी काढली नाही.

जमनामायनं पदराची कड दोन बोटांत धरली. समोर कुणी नव्हतं, खरंच कुणी नव्हतं. नुसती निळी नदी. तिनं कड थोडी वर केली, आणखी थोडी केली, आणि पदर डोक्यावर नीट बसवून कानामागे खोचला. टीव्हीत लगेच एक लुगडं नेसलेलं बाहुलं होडीत येऊन बसलं, धोतराच्या शेजारी. मान ताठ, तोंड उघडं. जमनामाय त्याच्याकडे बघतच राहिली.

"मारा वल्ही!" कालीबाई म्हणाली.

होडी दोघांची होती. एकानंच वल्हं मारलं तर गोल गोल फिरायची, दोघांनी एका ठेक्यात मारलं तर सरळ जायची. सुरुवातीला नुसतीच फिरली. आप्पांना ठेका सापडेना. ते नांगर धरल्यासारखे दोन्ही हात एकदम दाबायचे. होडी काठाला आपटली, पुन्हा फिरली, आणि समोर पाण्यात एक मोठा खडक आला.

"जमना! डावीकडे! डावीकडे दाब!" आप्पा ओरडले.

नाव! जेठांनी भावजयीचं नाव घेतलं! आणि जमनामायला त्याचं भान असायला वेळ कुठे होता, खडक आला होता ना! "तुम्हीच डावीकडे मारा!" ती उलट ओरडली. "कव्हयनं उजवीकडेच मारी ऱ्हायनात! तुम्हीन आख्खा जलम असंच करेल शे, आपलंच खरं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पांनी मुकाट्यानं डावीकडे वल्हं मारलं. होडी खडकाला चाटून सुटली आणि धारेला लागली. आता समोर छोटा धबधबा होता. त्यावरून जायचं तर उभं राहावं लागायचं. जमनामायला ते ठाऊक होतं, आप्पांना नव्हतं. "उठा आते!" असं आप्पांना तीच म्हणाली, आणि ते तर आधीच उभे होते. मग उठायचं कुणी राहिलं? तिनं वॉकरच्या दांड्या धरल्या, पाय फाकवले, पुढे झुकली, "आई गं" म्हणून मोठ्यानं कण्हली आणि उठली. होडी धबधब्यावरून उडाली, खाली आपटली, उलटी झाली. दोन्ही बाहुली पाण्यात पडली.

आणि जमनामाय हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, खदाखदा. शेजारी आप्पाही हसत होते, डोळे टीव्हीवर खिळवून, खांदे गदगदा हलवत. भिजलेल्या बाहुल्यांकडे बघून दोघं म्हातारी हसत राहिली आणि मग सगळा हॉल हसला.

"आजी, चाला आता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दारापर्यंत."

ती चालली. वॉकर पुढे, मग पाय, मग दुसरा पाय. रूथ शेजारून चालत होती, पण हात लावत नव्हती. दाराची चौकट जमनामायनं हातानं धरली तेव्हा कुठे तिला कळलं की आपण पोचलो.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे जायचं नाही तुम्हाला. इथेच राहायचं."

जमनामायचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं, तो कुणीतरी उचलून बाहेर ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. कालीबाईनं येऊन तिला मिठी मारली आणि लगेच शिव्याही दिल्या, "मुकी कुठली! जरा तोंड उघडलं असतंस तर!" रूथ तर दोघींच्या गळ्यात पडून रडली. "माय, माझीच चूक. मला वाटलं, घरचं माणूस..."

"तुन्हं काय चुकनं?" जमनामाय म्हणाली. "तू तं मायेनंच करं."

आप्पा अजून टीव्हीजवळच उभे होते. तोंड तिकडेच. खेळाचा जोर ओसरला होता आणि त्यांना आपण काय बोलून बसलो ते आठवत होतं. कान लाल झाले होते. त्यांनी घसा साफ केला, काठी चाचपली.

"रूथबेटा, तिले सांग," ते म्हणाले, आणि थांबले. "तिले सांग, मी मुद्दाम नव्हतू बसत तठे. माले वाटनं, घरनं मानूस जोडे बसनं तं तिले धीर यी. माले काय माहीत, मीच..."

जमनामायनं दारातून त्यांच्या पाठीकडे पाहिलं. इतकी वर्षं ही पाठ तिनं कधी नीट पाहिलीच नव्हती, दिसायचे ते नुसते पाय. पाठ वाकली होती. रोज सकाळी गुडघे चोळत ऊन सोडून हा माणूस आपल्यासाठी थंड खुर्चीवर बसत होता, आणि आपण त्याला काय समजत होतो! पदर ओढायला तिनं हात वर नेला आणि तो हात तसाच खाली सोडला.

"रूथले काय सांगतस?" ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "मी अठेच शे. माले सांगा."

आप्पा हळूहळू वळले. पूर्ण नाही, अर्धेच. नजर अजून फरशीवर होती.

"जमना," ते म्हणाले, "तू चालनी गयी असती तं अठे मन्हं कोन व्हतं?"

"मी कठेच जास नही," जमनामाय म्हणाली. "बसा आते. पाय दुखी ऱ्हायनात तुम्हना."

आणि जेठ बसले.